आबांच्या गिटारमधला ठोकळा

जळगावात आमच्या वेळी ऑर्केस्ट्रात वाजवणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांच्यापैकी कुणाकडे आबांचा विषय काढला तर तो आधी हसतो. मग म्हणतो, "फेकाडे आबा ना? प्लायवूडची गिटार साहेबाने दिली म्हणून सांगायचे ते." हे हसणं मी पस्तीस वर्षं ऐकतो आहे. सुरुवातीला त्यात मीही होतो. पुढे हसणं सोडलं, पण बोललो काहीच नाही. आता हात कापतो, ओळ सरळ येत नाही, तरी जे झालं ते माझ्याच हाताने लिहून ठेवतो.

माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. यावल, चोपडा, पार एरंडोलपर्यंतच्या भजनी मंडळांच्या पेट्या माझ्याकडे यायच्या. भाता फाटला, सूर बसला, लाकडाला भेग गेली, की "नानांना दाखवा" असं लोक म्हणत. मी नाना. माझ्या शब्दाला किंमत होती आणि ती मला फार आवडत होती. संध्याकाळी मी एका ऑर्केस्ट्राची वाद्यं आणि वायरी सांभाळायचो. तिथे आबा गिटार वाजवायचे.

आबा माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेकडे, डोंगराच्या पायथ्याशी एक मिशनचा दवाखाना होता, तिथे ते डॉक्टरांची जीप चालवायचे. डॉक्टर परदेशी, आबा त्यांना साहेब म्हणत. दवाखाना बंद झाला, डॉक्टर मायदेशी गेले आणि आबा जळगावला येऊन पाइपांच्या कारखान्याचा टेम्पो चालवू लागले. डाळमिलच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या होत्या. विधवा झाल्यावर त्यांची बहीणही तिथेच येऊन राहिली. तिला सगळे अक्का म्हणत.

या माणसाला एक खोड होती. त्यांना खोटं बोलता यायचं नाही. चांगुलपणा म्हणून म्हणत नाही, खोड म्हणूनच म्हणतो, कारण तिचा सगळ्यांना ताप व्हायचा. लग्नाच्या मांडवात गाणं संपून टाळ्या पडत असायच्या आणि आबा माइकशी जाऊन सांगायचे, "दुसऱ्या कडव्यात माझं बोट घसरलं. माफी असावी." कुणालाही ते कळलेलं नसायचं. ऑर्केस्ट्राचे मालक कपाळावर हात मारून घेत. "आबा, लोकांनी टाळ्या वाजवल्या ना?" तर आबा म्हणत, "म्हणूनच सांगितलं. त्यांनी चुकून वाजवल्या."

धुळ्याला कार्यक्रम असला की आम्ही एसटीने जायचो. आबा गिटारची पेटी टपावर टाकू देत नसत. एकदा कंडक्टरला म्हणाले, "दोन तिकिटं द्या. एक माझं, एक हिचं."

कंडक्टर गमत्या होता. म्हणाला, "हिचं वय काय? लहान असली तर अर्धं बसेल."

आबा विचारात पडले. "माझ्याकडे येऊन सात वर्षं झाली. त्याआधीचं मला माहीत नाही. पूर्णच द्या."

पारोळ्याला बस भरली. एक म्हातारी पिशवी सांभाळत आबांच्या सीटशी येऊन उभी राहिली. खिडकीशी पेटी उभी करून ठेवलेली पाहून तिने विचारलं, "भाऊ, हाई काय शे?"

"गिटार."

"मानूस उभा शे आनि लाकूड बठेल शे?"

आबा लगेच उठले, म्हातारीला आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः धुळ्यापर्यंत दांडा धरून उभे राहिले. गिटार बसलेलीच. खड्डा आला की म्हातारी पेटीवर हात ठेवायची. धुळ्याला उतरताना आबांना म्हणाली, "तुनी पोर गुनी शे. रस्ताभर रडनी नही." आबांनी तिला नमस्कार केला.

ती गिटार कशी होती ते नीट सांगायला हवं, कारण सगळा प्रश्न तिचाच आहे. तिचा रंग तांबडा होता. नवी असताना झगझगीत असेल. आबांकडे आली तेव्हा दोंडाईच्याच्या बाजारात वाळून पडलेल्या मिरचीसारखा झालेला. वॉर्निशला केसाएवढ्या बारीक चिरा. अंग पातळ, पण आत पोकळ. पुढच्या बाजूला दोन लांबट भोकं, अवग्रहाचं चिन्ह काढावं तशी, एक सुलट, एक उलट. मानेच्या दोन्ही बाजूंना दोन शिंगं, त्यांच्यामध्ये हात थेट वरच्या पट्ट्यांपर्यंत जायचा. पट्ट्यांमध्ये शिंपल्याचे ठिपके. चार बटणं, एक खटका. तारा खालच्या कडेला धातूच्या एका झोपाळ्याला अडकवलेल्या.

"हिला दोन आवाज आहेत," आबा सांगत. "एक घरातला, एक चारचौघांतला." घरातला मी ऐकलेला आहे. दुपारी एक वाजता डाळमिल जेवणासाठी अर्धा तास थांबायची. इतका वेळ भिंती हादरवणारा आवाज एकदम बंद व्हायचा. त्या अर्ध्या तासात आबा वायर न लावता वाजवत. आत पोकळी असल्यामुळे शेजारी बसलेल्याला ऐकू येईल एवढाच सूर निघायचा, तांब्यावर नखाने वाजवल्यासारखा. अक्का पलीकडे भाकरी थापत असायची. पूर्ण गाणं आबा कधीच वाजवत नसत. एक सूर छेडायचे आणि तो संपेपर्यंत गिटारच्या पाठीला कान लावून बसायचे.

वायर लावली की दुसरा आवाज. आमच्या दुसऱ्या गिटारवाल्याची गिटार ट्यूबलाइटजवळ गेली की गुणगुण करायची. आबांची गप्प.

मी विचारलं तर म्हणाले, "तारांखाली या दोन डब्या आहेत ना, आवाज पकडणाऱ्या, त्या प्रत्येकीत तांब्याच्या बारीक तारेच्या दोन गुंडाळ्या आहेत, एकमेकींच्या उलट. बाहेरचा गोंगाट आला की एकमेकींना मारतात. तारेचा सूर आला की एक होतात."

"म्हणजे जावा-जावांसारख्या," मी म्हणालो.

"जावांचं मला माहीत नाही. अक्काला विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी खरंच सांगायला आले. "अक्का म्हणते, जावा एक होत नाहीत."

आणखी एक गोष्ट तिच्यात होती, जी मी रोज पाहत होतो आणि तरी पाहिली नाही. पोकळ गिटारला आवाज वाढवून मोठ्या कर्ण्यासमोर उभं केलं की ती स्वतःच घुमायला लागते, थांबत नाही. आबांची घुमत नसे. आबा कर्ण्याकडे तोंड करून उभे राहत आणि म्हणत, "हिच्या पोटात दम आहे." पोटात काय आहे ते मी कधी विचारलं नाही.

खरं सांगायचं तर मला त्या गिटारचा राग होता. जळगावात माझ्या हाताखालून न गेलेलं ते एकच वाद्य. तारा आबाच बदलत, पुसायचंही तेच. मला फक्त पाहू देत. एकदा मात्र पेटीचं झाकण उघडून आतली चिठ्ठी दाखवली. मखमलीवर चिकटवलेली, डॉक्टरांच्या हातची, मोडक्या मराठीत: "माझ्या मुलाचे वाद्य. तो आता नाही. तू सांभाळ, गाडी सांभाळली तसे." आबा म्हणाले, "ही कुणाला दाखवत नाही. लोक मुलाचं विचारतात." मला दाखवली. हे ध्यानात ठेवावं.

एका थंडीत धुळ्याच्या कॉलेजच्या गॅदरिंगचं काम आलं. मालकांना बॅनरवर लिहायचं होतं, 'खास आकर्षण परदेशी गिटार'. तालमीच्या खोलीत सगळे जमलेले असताना ते मला म्हणाले, "नाना, तुम्ही एकदा आत बघून सांगा. तिथे कुणी विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे."

आबांनी गिटार माझ्या मांडीवर दिली. पहिल्यांदा. मी खिशातली बॅटरी काढली, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा लहान आरसा माझ्याकडे होता, तो भोकातून आत घातला. भोकाच्या कडेला लाकडाचे थर दिसले, एकावर एक. आणि मधोमध, मानेपासून खालपर्यंत, एक जाड ठोकळा.

आयुष्यभर मी सागवान आणि देवदार हाताळलेलं. प्लाय म्हणजे कपाटाची पाठ. आणि पोकळ वाद्यात ठोकळा म्हणजे तंबोऱ्याच्या भोपळ्यात वीट. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"प्लायवूड आहे," मी म्हणालो.

"काय सांगता?" मालक म्हणाले.

"आणि आत ठोकळा कोंबलाय. फुटली असणार कधीतरी, कुठल्या सुताराने भरून दिली. वरचं लोखंड परदेशी असेल. अंग इथलंच."

खोलीत हशा झाला. तबलजी म्हणाला, "बॅनरवर लिहा, खास आकर्षण स्टूल." आबा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी विचारलं, "नाना, नक्की?"

"वीस वर्षं लाकूड बघतोय, आबा."

"तसं नाही. नक्की का?"

आरसा माझ्या हातात होता. पुन्हा एकदा बघतो, एवढं म्हणता आलं असतं. "नक्की," मी म्हणालो.

दोन दिवसांनी ते गिटार घेऊन दुकानात आले. त्यांनी रात्रंदिवस विचार केला असावा, कारण तोंड उतरलेलं होतं. म्हणाले, "साहेब खोटं देणार नाहीत. तुम्ही खोटं सांगणार नाही. म्हणजे साहेबांच्या मुलाला कुणीतरी फसवलं. मुलाची वस्तू आहे, तिच्यात खोटं राहायला नको. ठोकळा काढा."

मी ठेवून घेतली. वाफ देऊन, गरम सुरी फिरवून पाठ सोडवायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी पाठ उचलली, तेव्हा आबा बाहेरच्या बाकावर बसलेले होते.

पाठ उचलताक्षणी मला कळलं. लाकूड ओळखायला मला डोळ्यांपेक्षा बोटं जास्त उपयोगी पडतात. मी बोट फिरवलं. ठोकळ्याला खिळा नव्हता, पाचर नव्हती, डिंकाचा ओघळ नव्हता. पुढच्या फळीला आतून बारीक गोलाई होती, आणि त्या गोलाईवर बसावी म्हणून ठोकळ्याच्या वर दुसऱ्या मऊ लाकडाची पट्टी तशीच गोल तासून लावलेली, इतकी नेमकी की मध्ये कागद गेला नसता. ते थरही बाजारचे नव्हते. साच्यात घालून, दाबून, वाकवलेले होते. हे भरून दिलेलं काम नव्हतं. ज्याने गिटार बनवली त्याने आधी हा ठोकळा मांडला होता आणि त्याच्याभोवती गिटार उभी केली होती. आवाज वाढला तरी ती घुमत का नाही, त्याचं उत्तर माझ्या बोटाखाली होतं.

बाहेरून आबांनी विचारलं, "नाना, काही दिसलं?"

दुकानात तेव्हा मालकही आलेले होते, बॅनरचं विचारायला. ते माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "ठोकळाच आहे."

आणि पटाशी घेतली.

त्या दिवशी मी स्वतःला काय सांगितलं तेही लिहितो. पोकळ झाली की जास्त घुमेल, गोड होईल, आबा खूष होतील, असं सांगितलं. हे मला पटलेलं नव्हतं. मानेच्या जोडापाशी थोडा भाग ठेवला आणि बाकीचा ठोकळा संध्याकाळपर्यंत कोरून काढला. ते लाकूड पटाशीला दाद देत नव्हतं. निघालेले तुकडे शेगडीत घातले आणि त्यांच्यावरच सरस तापवून पाठ पुन्हा चिकटवली. बाहेरून काही कळत नव्हतं. आबांनी दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाले, "हलकी झाली."

धुळ्याचं गॅदरिंग दुपारचं होतं. मांडव भरलेला. पहिल्याच गाण्यात आबांनी आवाज वाढवला आणि गिटार घुमायला लागली. आबांनी तारांवर हात दाबला, तरी थांबेना. रेड्याने ओरडावं तसा आवाज कर्ण्यातून येत राहिला. मागच्या बाकांवरची पोरंही तसंच ओरडू लागली. आधाराला ठोकळा नसल्यामुळे तारांच्या घोडीखाली पुढची फळी दबत चालली होती. दुसऱ्या गाण्यापर्यंत तारा पट्ट्यांना टेकल्या आणि सूरच निघेना. आबांनी बटण बंद केलं आणि तसेच उभे राहिले.

कार्यक्रमानंतर पडद्यामागे मालक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "नाना, तुम्ही सांगितलं ते खरं निघालं." माझ्या खोट्याला माझ्याच पटाशीने पुरावा तयार केला होता. मी वायर गुंडाळत राहिलो.

मग मालक आबांकडे वळले. "काय तुमचा साहेब. असली गिटार देतो. दवाखान्यात औषधं पण प्लायवूडचीच द्यायचा का?"

सगळे हसले. तबलजी म्हणाला, "आणि इंजेक्शन सुताराकडून."

आबा गिटार पेटीत ठेवत होते. ते सरळ उभे राहिले. म्हणाले, "साहेबांचं नाव घेऊ नका. साहेबांनी दिली नाही. इथल्या जुन्या बाजारातून मी घेतली. साहेबांचं नाव मी लावलं. खोटं बोललो."

त्या माणसाला मी आयुष्यात एकदाच खोटं बोलताना ऐकलं, ते हे. आवाज जरासुद्धा हलला नाही. ते खोटं आहे हे तिथे फक्त मला माहीत होतं, कारण चिठ्ठी फक्त मी वाचली होती. वायर गुंडाळून झाली होती. मी ती सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

आठवड्याने मी त्यांच्या घरी गेलो. पेटी उघडी होती. झाकणाच्या मखमलीवर चिठ्ठीच्या जागी चौकोनी डाग. आबा म्हणाले, "ही तुम्ही घेऊन जा, नाना. लाकूड आहे, उपयोगाला येईल. तुम्हाला फार त्रास दिला." त्यांनी माझी माफी मागितली. मी गिटार घेऊन घरी आलो.

अक्काचं काय झालं ते मला नंतर समजलं. ज्या वर्षी आबांकडे गिटार आली, त्याच वर्षी अक्काचा नवरा आजारी होता. तिने भावाकडे निरोप पाठवला होता. जवळ काहीच नाही, असं आबांनी कळवलं, आणि खरंच नव्हतं. नवरा गेला. अक्काने ते भावाच्या गरिबीवर घातलं आणि त्याच्याकडे राहायला आली. आता गल्लीत बातमी आली की गिटार बाजारातून विकत घेतलेली, म्हणजे त्या वर्षी भावाकडे पैसे होते. तिने विचारलं, आणि आबांनी तिलाही तेच सांगितलं. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगणं त्यांना जमणारं नव्हतं. तिला खरं सांगितलं असतं तर ती गल्लीभर भांडून आली असती, आणि साहेबांचं नाव पुन्हा त्या लोकांच्या तोंडी आलं असतं.

अक्काने बोलणं बंद केलं. मी अधूनमधून जायचो तेव्हा पाहायचो. ती ताट वाढायची आणि भिंतीकडे सरकवायची. आबा जेवून ताट धुवून ठेवायचे. डाळमिल एक वाजता थांबायची तेव्हा त्या घरात काहीच ऐकू यायचं नाही. असं अकरा वर्षं चाललं, आबा जाईपर्यंत. मी त्या घरी चहा प्यायलेला आहे.

गिटार माझ्या माळ्यावर आहे. मागे नातवाने मोबाइलवर तशाच गिटारचं आतलं चित्र दाखवलं, मधोमध उभी चिरलेली. ठोकळा जिथे असायचा तिथेच होता. नातू म्हणाला, "आजोबा, आपली ही फार जुनी आणि खरी आहे, पण कुणीतरी आतून खलास केलीय." मी म्हणालो, हो.

गेल्या महिन्यात अक्काकडे गेलो. ती नव्वदीला आली आहे, खाटेवर बसून असते. आत जाऊन, दार लोटून, जवळ बसून हळू सांगायचं असं ठरवून गेलो होतो. पण तिला आता फार कमी ऐकू येतं. एकदा सांगितलं, ती "काय?" म्हणाली. कानाशी जाऊन सांगितलं, पुन्हा "काय?" शेवटी दार उघडं ठेवूनच मला मोठ्याने बोलावं लागलं. गिटार साहेबांनीच दिली होती. ती खरी होती. आतला ठोकळा खोटा आहे असं मी म्हणालो ते चुकून, आणि काढला तो जाणूनबुजून. आबा बाजारातून आणली म्हणाले ते साहेबांना कुणी नावं ठेवू नयेत म्हणून.

तिला समजायला वेळ लागला. मग म्हणाली, "बाजारमाईन नव्हती लयेल?"

"नाही, अक्का."

"मना मालक आजारी व्हता तवय, त्यानापान खरंच काही नव्हतं?"

"नव्हतं."

आता ती शिव्या देईल असं वाटलं. मी त्यासाठीच गेलो होतो. तिने शिव्या दिल्या नाहीत. दाराकडे हात केला. संध्याकाळची वेळ, शेजारच्या बायका, म्हातारे ओट्यांवर बसलेले होते आणि माझं ओरडणं ऐकून इकडेच बघत होते.

"आखो एकदाव सांग," ती म्हणाली. "दारमा उभा राह्यीसन सांग. बठ्ठी गल्ली बठेल शे, तिले आयकू दे."

मी खाटेचा आधार घेऊन उठलो, उंबऱ्यापाशी गेलो, आधी माझं नाव सांगितलं आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं.